फिरत्या थाळीची कैफियत

स्वयंपाकघरातील यंत्रांत मायक्रोवेव्ह हे यंत्र असे विलक्षण आहे की, अन्न तापवण्याचे त्याचे मुख्य कार्य ज्या अवयवाकडून घडते त्या मॅग्नेट्रॉनमध्ये फिरणारे, सरकणारे किंवा घासणारे असे काहीही नाही. आणि तरीही त्याची तक्रार पुष्कळदा उद्भवते ती त्याच्या मोजक्या हलत्या भागांपायी. काचेची थाळी फिरवणारी लहानशी मोटर, त्या मोटरीच्या दांड्यावर बसणारा प्लास्टिकचा कपलर, थाळीखालची चाकांची रिंग, मॅग्नेट्रॉनला वारा घालणारा पंखा, दरवाजाचे आकडे आणि त्या आकड्यांनी दाबले जाणारे स्विच, एवढाच काय तो या यंत्राच्या चलनवलनाचा पसारा. यांतील बहुतेक भाग किमतीने किरकोळ आहेत. परंतु त्यांपैकी एकही कामातून गेला, तर सारे यंत्र निकामी झाल्याचा समज घरभर पसरायला वेळ लागत नाही.

अशा प्रसंगी माणसे दोन टोकांपैकी एका टोकाला जातात. काहीजण पहिल्याने येणाऱ्या कारागिराचा निकाल शिरसावंद्य मानून मोठ्या खर्चाला संमती देतात, नाहीतर चांगले यंत्र भंगारात घालतात. आणि काहीजण, विशेषतः घरातील तरुण व हुशार मंडळी, स्क्रू-ड्रायव्हर हाती घेऊन थेट यंत्राचे बाह्य कवच उघडायला बसतात. पहिल्या मार्गात द्रव्याचा अपव्यय आहे, दुसऱ्यात प्राणाला अपाय आहे. आमच्या घरी ही दोन्ही टोके एकाच प्रसंगात समोरासमोर उभी राहिली, आणि त्या निमित्ताने जे पाहिले, जाणत्यांना विचारून ज्याची खातरजमा करून घेतली, ते इतरांच्या उपयोगी पडावे या हेतूने येथे तपशिलाने मांडत आहे.

तक्रारीचे स्वरूप असे होते. यंत्र सुरू केले की आतला दिवा लागे, पंख्याची घरघर ऐकू येई, वेळेचे आकडे नियमाने उतरत जात. परंतु थाळी हलत नसे, आणि खिचडीच्या वाडग्याच्या एका कडेला चटका बसेल इतकी वाफ, तर मध्यभागी फ्रिजमधला गारठा जसाच्या तसा, असा प्रकार रोज घडू लागला. सर्व्हिस सेंटरकडून जो इसम आला त्याने थाळी उचलूनसुद्धा पाहिली नाही. दोन-चार बटणे दाबून, “काकू, कार्ड गेलंय, त्यापेक्षा नवीनच घ्या,” असा निकाल त्याने दिला आणि कार्डाचा, म्हणजे यंत्राच्या भागांना हुकूम देणाऱ्या नियंत्रक सर्किटचा, जो खर्च सांगितला तो नव्या यंत्राच्या निम्म्या किमतीच्या घरात जाणारा होता. तो गेल्यावर माझा भाचा, जो अभियांत्रिकीच्या पदविकेचा विद्यार्थी आहे, पुढे सरसावला. “मावशी, प्लग काढून झाकण उघडू या ना. प्लगच काढला तर करंट येणार कुठून?” हा प्रश्न रास्त वाटावा असाच आहे, आणि तो पुष्कळांच्या मनात येत असणार, म्हणून त्याचे उत्तर पुढे स्वतंत्रपणे दिले आहे. त्या दिवशी आम्ही प्लग काढून यंत्र तसेच ठेवले, आणि पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात, जेथे विजेच्या सुट्या सामानाची दुकाने दाटीने वसलेली आहेत, तेथील एका जुन्या जाणत्या कारागिराकडे ते नेले.

थाळी का फिरते हे उमगल्यावाचून ती थांबल्याचे गांभीर्य कळत नाही. १९४० साली बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट या दोघा शास्त्रज्ञांनी रडारसाठी जो पोकळीयुक्त मॅग्नेट्रॉन सिद्ध केला, त्याच्याच लहरी अन्न तापवू शकतात हे पर्सी स्पेन्सर या अमेरिकी तंत्रज्ञाने ओळखले आणि १९४५ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज दाखल झाला. १९४७ च्या सुमारास बाजारात आलेले पहिले यंत्र माणसाच्या उंचीचे होते. आज आपल्या ओट्यावरील यंत्रातून निघणाऱ्या लहरींची वारंवारता २४५० मेगाहर्ट्‌झ, म्हणजे सेकंदाला २४५ कोटी आंदोलने इतकी असते आणि त्यांची लांबी सुमारे १२ सेंटीमीटर भरते. धातूच्या भिंतींवरून परावर्तित होऊन या लहरी परस्परांत मिसळतात, तेव्हा आतल्या पोकळीत काही जागी त्यांचा जोर एकवटतो व काही जागी तो जवळजवळ नाहीसा होतो. जोराची दोन स्थाने साधारण ६ सेंटीमीटर अंतराने येतात. याची प्रचीती ज्याला घ्यायची असेल त्याने थाळी न फिरवता आत ओळीने पापड मांडून यंत्र थोडा वेळ चालवावे: लहरींचा जोर असलेल्या ठिकाणी पापड फुलून पांढरा होतो, आणि त्याच पापडाचा बोटभर अंतरावरचा भाग कच्चा राहतो. अन्नाचा प्रत्येक कण आळीपाळीने जोराच्या जागेतून जावा म्हणून थाळीची योजना आहे. ती थांबली म्हणजे जे कच्चे किंवा गार राहते त्यात चवीपेक्षा आरोग्याचा प्रश्न मोठा असतो. कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे शिजवताना अन्नाचा गाभा ७० अंश सेल्सियसपर्यंत पोचला पाहिजे, आणि कडेची वाफ पाहून गाभा तापला असे मानणारा मनुष्य आदल्या दिवशीच्या भातातील जंतूंना अभय देत असतो. थाळी दुरुस्त होईतो अन्न तापवणे अपरिहार्यच असेल, तर मध्येच यंत्र थांबवून ते ढवळावे, वाडगा फिरवून ठेवावा आणि काढल्यावर मिनिटभर झाकून मुरू द्यावे.

आता त्या कारागिराची तपासणीची रीत सांगते, कारण तिच्यातच या लेखाचे सार आहे. त्यांनी हत्याराला हात लावला नाही. आधी थाळी काढली, मग चाकांची रिंग काढून उजेडात धरली. एका चाकाच्या आसाभोवती उतू गेलेल्या खिरीचा थर जळून काळा व काचेसारखा कडक झाला होता, तो त्यांनी नखाने उचकटला आणि चाक बोटाने फिरवून ते मोकळे झाल्याची खात्री केली. मग मध्यभागीचा तीन पाकळ्यांचा कपलर सरळ वर ओढून काढला आणि उलटा करून भाच्याच्या तळहातावर ठेवला. या कपलरच्या बुडाशी मोटरीच्या दांड्यासाठी एक भोक असते, आणि ते एका बाजूने सपाट असते. दांड्याचीही एक बाजू तशीच सपाट असते, म्हणून दांडा फिरला की कपलरला फिरावेच लागते. आमच्या कपलरच्या भोकाची सपाट बाजू झिजून ते भोक पुरते गोल झाले होते, आणि त्याच्या कडेपासून एका पाकळीपर्यंत केसाएवढी चीर गेली होती. शेवटी त्यांनी आत कडेला पाण्याचा पेला ठेवला, दरवाजा लावून यंत्र चालू केले, आणि दरवाजाच्या जाळीतून वाकून पाहायला सांगितले: उघडा दांडा संथपणे फिरत होता. “कार्ड गेलं असतं तर हा फिरला असता का, सांगा,” ते म्हणाले. कार्डाचा हुकूम मोटरीपर्यंत बिनचूक पोचत होता, मोटर आपले काम इमानाने करीत होती, आणि बिघाड होता तो मूठभर पैशांच्या प्लास्टिकच्या तुकड्यात.

यावरून ज्याच्या घरी थाळी थांबेल त्याने कोणत्या क्रमाने शोध घ्यावा हे निश्चित करता येते. काही यंत्रांत थाळी थांबवण्याचे स्वतंत्र बटण असते. ते चुकून दाबले गेले आहे काय, हे प्रथम पाहावे. मग प्लग काढून थाळी, रिंग व कपलर बाहेर घ्यावेत, साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावेत, आणि तळावरील ज्या वर्तुळात चाके फिरतात तो मार्ग ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. काचेच्या थाळीच्या बुडाशी जे उंचवटे असतात ते कपलरच्या पाकळ्यांत नीट बसले पाहिजेत; ते न बसल्यास थाळी तिरकी होऊन खडखडते. फुटलेल्या थाळीच्या जागी दुसरी आणताना केवळ व्यास मोजून भागत नाही, कारण उंचवट्यांची ठेवण निराळी असली तर ती थाळी कपलरला दाद देत नाही. भांड्याचाही विचार करावा: लांबट चौकोनी भांड्याचे कोपरे भिंतींना अडतात, थाळी थबकते, आणि अडलेल्या थाळीचा सारा ताण कपलरवर येऊन त्याचे भोक झिजते. हे सर्व निर्दोष आढळले तरच मोटरीवर संशय घ्यावा. यंत्र रिकामे कधीही चालवू नये. परीक्षेसाठीसुद्धा आत पेलाभर पाणी असलेच पाहिजे, कारण लहरी शोषून घ्यायला काहीच नसले तर त्या उलट मॅग्नेट्रॉनवर जातात.

थाळीची मोटर ही अवघी चार-पाच वॉट वीज घेणारी, मिनिटाला पाच-सहा फेरे घालणारी समकालिक मोटर असते. तिचा एक स्वभाव ठाऊक असावा: सुरू होताना ती कधी उजवीकडे तर कधी डावीकडे फिरू लागते. आज थाळी उलटी फिरते आहे म्हणून घाबरून तक्रार नोंदवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यात बिघाड काही नाही. मात्र थाळी अडखळत असेल, एकाच जागी मागेपुढे टकटकत असेल, किंवा तळातून दाते तुटल्यासारखा कडकड आवाज येत असेल, तर मोटरीच्या आतील बारीक दातेरी चाके झिजली असे समजावे. ती मोटर यंत्राच्या तळाशी, पत्र्याच्या आवरणामागे असते आणि ती बदलणे कारागिराला फारसे अवघड नसते. तथापि तिच्या अंगावर जो विजेचा दाब छापलेला असतो तो नव्या मोटरीवर तंतोतंत तसाच असला पाहिजे. काही यंत्रांत ती २२० ते २४० व्होल्टची असते, तर काहींत २१ किंवा ३० व्होल्टची. दिसायला दोघी सख्ख्या बहिणी, पण २१ व्होल्टची मोटर २३० व्होल्टच्या जागी लावली तर ती जळालीच म्हणून समजावे. दांड्याची लांबी व सपाट बाजू यांचाही मेळ बसला पाहिजे. म्हणून जुन्या मोटरीवरील मजकुराचे छायाचित्र घेऊन मगच दुकानात जावे. ज्या यंत्रांत थाळीच नसते, त्यांत लहरी विखुरणारे धातूचे पाते आवरणामागे फिरते. तेथे अन्न एकाएकी असमान तापू लागले, तर हे पाते थांबल्याची शंका कारागिरापाशी बोलून दाखवावी.

पंख्याची गोष्ट याहून गंभीर आहे, कारण थाळी थांबली तर अन्न बिघडते, पंखा थांबला तर यंत्राचे हृदय होरपळते. मॅग्नेट्रॉनला मिळणाऱ्या विजेचा बराच मोठा अंश उष्णतेत जातो, आणि ती उष्णता वाहून नेणे हे पंख्याचे काम. पंखा मंदावला म्हणजे मॅग्नेट्रॉनजवळचा तापमान-रक्षक स्विच प्रवाह तोडतो. यंत्र काही मिनिटे नीट चालते, मग तापवणे थांबते, आणि थंड झाल्यावर पुन्हा जणू काही घडलेच नाही असे चालू लागते. हे लक्षण दिसले, किंवा नेहमीच्या घरघरीच्या जागी करकर वा पूर्ण शांतता आली, तर यंत्राचा वापर त्याच क्षणी थांबवावा. आपल्याकडील स्वयंपाकघरांत फोडणीचा तेलकट धूर व धूळ यांचा चिकट लेप हवेच्या झरोक्यांच्या जाळीवर बसतो, आणि उबेच्या शोधात झुरळे आत बिऱ्हाड करतात. म्हणून यंत्र भिंतीला भिडवून न ठेवता माहितीपत्रकात सांगितलेली मोकळी जागा मागे, वर व बाजूंना सोडावी, माथ्यावर डबे व कापड रचू नये, आणि प्लग काढून जाळी बाहेरून कोरड्या ब्रशने साफ करावी. अन्न तापून झाल्यावरही पंखा काही काळ चालू राहतो, तो यंत्र निवावे म्हणून. त्याची चिंता नको.

दरवाजाच्या बाबतीत मात्र तिळमात्रही सवलत देता कामा नये. दरवाजाच्या कडेचे आकडे चौकटीच्या खाचांत शिरतात तेव्हा आतले स्विच, साधारणतः तीन, ठरावीक क्रमाने दाबले जातात. त्यांतील दोन दरवाजा उघडताच वीज तोडतात. तिसरा या दोघांवरचा पहारेकरी असतो. ते चिकटून बसले आणि दरवाजा उघडल्यावरही वीज तुटली नाही, तर तो मुद्दाम शॉर्टसर्किट घडवून फ्यूज उडवतो, आणि यंत्र उघड्या दरवाजाने लहरी सोडू शकत नाही. म्हणून दरवाजा उघडताना किंवा लावताना फ्यूज उडत असेल, तर नुसता फ्यूज बदलून देणाऱ्या कारागिराला परत पाठवावे आणि स्विच व आकडे तपासणाऱ्याला बोलवावे. दरवाजा दाबून धरल्यावाचून यंत्र सुरू होत नसेल, तर आकड्याची स्प्रिंग किंवा बिजागरी सैल झाली आहे. आणि दरवाजा उघडा असताना थाळी किंवा पंखा आपोआप फिरू लागला, तर स्विच निकामी झाला आहे असे धरून प्लग ताबडतोब काढावा. चिकटपट्टी लावून, दोरी बांधून, आकड्यात काडी घालून यंत्र चालवण्याचे जे उपाय कोणी कोणी सुचवतात ते कोणत्याही परिस्थितीत करू नयेत. यंत्राच्या पृष्ठभागापासून ५ सेंटीमीटर अंतरावर दर चौरस सेंटीमीटरला ५ मिलिवॉट, ही गळतीची कमाल मर्यादा आंतरराष्ट्रीय मानकांनी घालून दिली आहे, आणि तिचे पालन सर्वस्वी दरवाजाच्या सुस्थितीवर अवलंबून आहे. वाकलेला दरवाजा, तडकलेली काच, फाटलेली जाळी यांपैकी काहीही आढळल्यास यंत्र बाजूला ठेवावे.

आता भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर. ते मी देण्यापेक्षा त्या कारागिराने दिले, आणि शब्दांनी न देता कृतीने दिले. दुकानात दुसऱ्या एका गिऱ्हाईकाचे यंत्र उघडून ठेवलेले होते. त्यांनी ते थोडा वेळ चालवले, मग प्लग काढून त्याचे टोक भाच्याच्या हातात दिले, त्याला दोन पावले मागे उभे केले, आणि जाड मुठीच्या, त्याच कामासाठी ठेवलेल्या हत्याराने आतल्या चपट्या डब्याची दोन टोके जोडली. चाबकासारखा कडक आवाज झाला आणि निळी ठिणगी उडाली. ज्या यंत्राचा प्लग आपल्याच हातात आहे त्या यंत्रातून ती ठिणगी उडालेली पाहून भाचा बराच वेळ काही बोलला नाही. हा डबा म्हणजे कपॅसिटर. घरातील २३० व्होल्टचा प्रवाह ट्रान्सफॉर्मर सुमारे २००० व्होल्टपर्यंत चढवतो, आणि कपॅसिटर व डायोड मिळून मॅग्नेट्रॉनला शिखरावर सुमारे ४००० व्होल्टचा दाब पुरवतात. कपॅसिटरमध्ये साठलेली वीज हळूहळू ओसरावी म्हणून त्याच्या पोटात एक रोधक बसवलेला असतो खरा, पण तो निकामी झाला असेल तर बाहेरून कळत नाही, आणि मग प्लग काढल्यावरही तो साठा तसाच दबा धरून राहतो. घरात गळती-रक्षक आरसीसीबी बसवला आहे, तो वाचवील, हा भरवसाही येथे उपयोगाचा नाही. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडील प्रवाह शरीरातून जाऊन यंत्राच्या पत्र्यामार्गे परत फिरतो, त्याची खबर त्या रक्षकाला लागतच नाही. म्हणून गृहस्थाची चौकशी थाळी, रिंग, कपलर, जाळी आणि दरवाजाचे दर्शनी भाग यांपाशी संपते, आणि कवचाचा पहिला स्क्रू ही त्याची सरहद्द होय. कवचापलीकडचे काम त्या कामाची रीत शिकलेल्या माणसाचे. तेथे हुशारी किंवा धीटपणा रीतीची जागा घेऊ शकत नाही.

कारागीर बोलावताना काही गोष्टींचा आग्रह धरावा आणि त्यात संकोच मानू नये. कोणता भाग बिघडला, तो कसा ओळखला आणि खर्च किती, हे कामापूर्वी लेखी घ्यावे. काढलेला जुना भाग आपल्या ताब्यात मागावा. थाळीच्या तक्रारीवर कोणी कार्ड बदलण्याची तजवीज सांगू लागला, तर मोटरीला वीज पोचते की नाही हे आपल्यादेखत मोजून दाखवायला सांगावे. दुरुस्तीनंतर यंत्राची परीक्षा स्वतः करावी: लिटरभर साध्या पाण्याचे तापमान मोजून ते पूर्ण जोरावर एक मिनिट तापवावे आणि ढवळून पुन्हा मोजावे. ८०० वॉटच्या यंत्रात ते सुमारे ११ अंशांनी वाढते. वाढ याहून फारच कमी भरली, तर दोष थाळीपुरता नव्हता असे समजून कारागिराला पुन्हा बोलवावे. आतला पत्रा गंजून छिद्रे पडली असतील किंवा दरवाजाच सुधारण्यापलीकडे गेला असेल, तर दुरुस्तीचा हट्ट सोडावा आणि यंत्र रीतसर ई-कचरा संकलनाकडे सोपवावे. त्या उच्च दाबाच्या डब्यावर भंगाराच्या दुकानातल्या कोणा पोराचा हात पडू नये, एवढी जबाबदारी आपल्यावर आहे.

एक शेवटची विनंती. घरात मायक्रोवेव्ह सर्वांत अधिक वापरतात ती माणसे, म्हणजे शाळेतून आल्यावर स्वतःचे ताट तापवून घेणारी मुले, एकटे राहणारे वृद्ध आणि स्वयंपाकाला येणाऱ्या ताई. पण बिघाडाची चर्चा होते तेव्हा त्यांना कोणी जवळ बसवून घेत नाही. थाळी थांबली तर अन्न ढवळून घ्यायचे आणि आपल्याला सांगायचे. परंतु आत ठिणगी दिसली, जळका वास आला, पंख्याचा आवाज बदलला किंवा दरवाजा सैल लागला, तर कोणाची वाट न पाहता भिंतीवरचा स्विच बंद करायचा, एवढे त्यांना आजच समजावून सांगावे, आणि तो स्विच त्यांच्या हाताला सहज पोचेल अशा जागी आहे ना, हे त्याच वेळी पाहून घ्यावे.